न पोहणाऱ्या उंदरांचा हिशेब

आमच्या घरी जेवताना उंदरांचा विषय निघालेला चालत असे. माझ्या ऑफिसचा विषय मात्र कुणी काढत नसे, कारण तिथे काढण्यासारखं काही घडतच नव्हतं. मी एका सरकारी कंपनीच्या लखनौच्या कार्यालयात प्रशासन बघायचो. म्हणजे या टेबलावरची फाइल त्या टेबलावर जाते ना, एवढं बघायचो, आणि जात नसेल तर ती का जात नाही याची एक नवी फाइल उघडायचो. मूळचा मी सोलापूरचा, बायको सांगलीची. नोकऱ्यांनी दोघांना उचलून इंदिरा नगरात आणून टाकलं आणि मुलगी तिथेच वाढली. आम्ही तिच्याशी मराठीत बोलायचो, ती आमच्याशी हिंदीत. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

बायको एका संशोधन संस्थेत तांत्रिक अधिकारी होती. इतरांचे प्रयोग नीट पार पाडून देणं हे तिचं काम. कितीतरी प्रबंधांच्या आभाराच्या पानावर ती होती, आणि त्या पानावरून पुढे कधी सरकली नव्हती. चाळिशी उलटल्यावर एकदा पोळ्या लाटता लाटता तिनं सांगितलं, की आता ती स्वतः पीएच.डी. करणार आहे.

"या वयात?" मी विचारलं.

"उंदीरही म्हातारेच घेतेय," ती म्हणाली. "जमेल आमचं."

ही दोन हजार दहाच्या आगेमागेची गोष्ट. तिचा प्रयोग सांगायला सोपा आहे. खोलीच्या मधोमध एक मोठा गोल हौद. त्यात कोमट पाणी, आणि तळ दिसू नये म्हणून दुधाची पावडर कालवलेली. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उंदरांऐवजी दुधाबद्दल हळहळलो होतो, त्यावरून माझी शास्त्रीय वृत्ती ओळखा. हौदात एका ठिकाणी, पाण्याच्या जरासा खाली, पाय टेकण्यापुरता एक ओटा. उंदराला पाण्यात सोडायचं. तो पोहतो, खोलीच्या भिंतींवर लावलेली चित्रं पाहतो, भटकतो आणि कधीतरी त्या ओट्यावर चढतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवण शाबूत असेल तर तो दिवसागणिक लवकर पोचतो. मुदत एका मिनिटाची. तेवढ्यात ओटा सापडला नाही, तर त्याला हातानं उचलून ओट्यावर ठेवायचं, जरा वेळ तिथे बसू द्यायचं, आणि मग टॉवेलनं पुसून दिव्याच्या उबेला. निम्म्या उंदरांना एका वेलीच्या मुळाचा अर्क पाजलेला, निम्म्यांना साधं पाणी. अर्क घेतलेले लवकर पोचतात का, एवढाच प्रश्न.

मला एकदा काचेमागून हे बघू दिलं. घरी माझा शर्ट ती दोन बोटांत धरून बादलीत टाकायची. तो उंदीर मात्र तिनं दोन्ही तळव्यांत असा धरला होता, की मला क्षणभर त्याचा हेवा वाटला.

तर त्या प्रयोगशाळेत एक रीत होती. काही उंदीर पोहतच नाहीत. पाण्यात सोडलं की पाय पसरून, नाक वर काढून नुसते तरंगतात. मुदत संपली की कुणीतरी उचलणार आहे, हे त्यांना ठाऊक झालेलं असावं. त्यांना तिथे फ्लोटर म्हणत. जो शोधतच नाही, तो कधी पोचला यावरून त्याच्या आठवणीबद्दल काय कळणार? म्हणून आकडेमोडीला बसण्याआधी हे फ्लोटर काढून टाकायचे. ही रीत बायकोच्या मार्गदर्शकांनी फार पूर्वी घालून दिली होती, आणि ऐकताना ती इतकी शहाणपणाची वाटते, की तिच्याबद्दल शंका घ्यावी असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

"पापा भी फ्लोटर हैं," मुलगी एकदा जेवताना म्हणाली.

बायकोनं भाजी वाढताना मान वर केली नाही. "नाही," ती म्हणाली. "फ्लोटरला निदान नाक कुठे ठेवायचं ते कळतं."

प्रयोग संपले, आकडे मांडले, आणि आलेख असा सुरेख आला, की तो समजायला माझ्यासारख्यालाही त्रास पडला नाही. अर्कवाल्यांची रेघ दिवसागणिक खाली उतरत गेलेली, म्हणजे ते लवकर लवकर पोचत गेलेले. साध्या पाण्यावाल्यांची रेघ वरच अडकलेली. तिचे मार्गदर्शक आमच्या घरी डॉक्टरसाहेब म्हणून ओळखले जात. जुन्या लखनौचे, आणि बोलण्यात इतके अदबशीर, की ते रागावले होते हे समोरच्याला घरी पोचल्यावर कळायचं. त्यांनी आलेख पाहिला आणि म्हणाले, "बस, अब लिख डालिए. हमारे रहते जमा हो जाए."

'हमारे रहते' याला अर्थ होता. येत्या वसंतात ते निवृत्त होणार होते. त्यानंतर तिला नवा मार्गदर्शक, बहुधा नवा विषय, आणि नव्यानं सगळी सुरुवात. नोकरी आणि घर सांभाळून ते दुसऱ्यांदा होणार नाही, हे घरातल्या आम्हां तिघांनाही न बोलता ठाऊक होतं. प्रबंध त्या वसंताआधी जमा झाला तर ती डॉक्टर होणार, नाहीतर पुन्हा आभाराच्या पानावर.

त्याच सुमारास गणपती आले. लखनौची मराठी मंडळी एरवी कुठे असतात कोण जाणे, पण त्या दिवसांत सगळी एका हॉलमध्ये जमतात: बँकेतले, संशोधनसंस्थांतले, कॉलेजांतले. त्यांतच एक काका होते. विद्यापीठात आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, अमरावतीचे, आणि वृंदावन योजनेत नव्या घरात राहायला गेलेले. आरती झाल्यावर बायकोनं पर्समधून आलेखाचा कागद काढून त्यांच्यापुढे धरला. खरं सांगायचं तर कौतुकासाठीच. काकांनी आधी मोदक संपवला, रुमालाला हात पुसले, मग चष्मा लावला.

"चांगलं आहे बाप्पा," ते म्हणाले. "हौदात किती सोडले होते?"

तिनं सांगितलं.

"अन् या चित्रात किती आहेत?"

तिनं फ्लोटरांची रीत समजावून सांगितली. काकांनी मान डोलावली. रीत त्यांना पटल्यासारखी दिसली.

"बरोबर. मग जे काढले, ते कोण्या गटातले होते?"

"दोन्हीतले असतील," ती म्हणाली.

"असतील?"

बायकोच्या हातात खिरापतीचं ताट होतं. ते तिनं माझ्या हातात दिलं आणि पुढचा सगळा वेळ ती गणपतीकडे बघत उभी राहिली. लोकांना वाटलं, किती श्रद्धा.

दुसऱ्या दिवशी ती संस्थेतून आली आणि चप्पल न काढता खुर्चीत बसली. काढून टाकलेले उंदीर बहुतेक सगळे अर्काच्या गटातले निघाले होते.

मला कळायला वेळ लागला. तिनं मग माझ्या पातळीवर येऊन सांगितलं. समजा एका वर्गातली सगळ्यांत सुस्त मुलं आपण परीक्षेच्या दिवशी घरी पाठवली, आणि उरलेल्यांचा निकाल बघून त्या वर्गाचं कौतुक केलं. तिचा सुरेख आलेख असा तयार झाला होता.

"पण मुद्दाम नाही ना केलंस," मी म्हणालो.

"मुद्दाम केलं असतं तर निदान माहीत तरी असतं," ती म्हणाली.

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. ती स्वभावानं चोख. भाजीवाल्या भैयानं चुकून जास्त कोथिंबीर घातली तर परत देणारी. पण रीतच अशी होती, की ती निमूटपणे पाळली तरी खोटं तयार व्हावं. ते ज्या दिवशी दिसलं, त्या दिवसापासून ती त्या आलेखाकडे बघेनाशी झाली.

रविवारी तिनं मला स्कूटर काढायला लावली आणि आम्ही शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, काकांकडे गेलो. पुढे कितीतरी रविवार हाच कार्यक्रम झाला. काका शिकवताना बायकोकडे बघायचे, पण प्रश्न मला विचारायचे. वर्गात एक मठ्ठ विद्यार्थी असला की मास्तरांना सोयीचं जातं, हे मी त्यांच्यासाठी केलेलं योगदान.

"समज, तू चारबाग स्टेशनवर पाहुण्यांना घ्यायला गेला," ते म्हणाले. "थंडीचे दिवस, धुकं पडून राहिलं. एक तास थांबला, गाडी नाही आली. तू कंटाळून घरी परतला. गाडीला किती उशीर झाला?"

"एक तास."

"एक तास तू थांबला. गाडीला किती झाला?"

"ते काय माहीत."

"काहून माहीत नाही? तासापेक्षा जास्त झाला, एवढं तर माहीत आहे ना? मग तेवढंच लिहायचं. कमी नाही, जास्त नाही."

"आणि ती गाडी मोजलीच नाही तर?"

"मोजू नको," काका म्हणाले. "मग धुक्यातही साऱ्या गाड्या टायमावर येऊन राहिल्या."

मी हसलो. बायको हसली नाही, ती कागदावर भराभर लिहीत होती. "म्हणजे फ्लोटरला वगळायचं नाही," ती म्हणाली, "आणि तो एका मिनिटात पोचला असंही धरायचं नाही. मिनिटभरात पोचला नव्हता, एवढंच त्याच्याबद्दल म्हणायचं."

"दवाखान्यातले लोक हेच करतात," काका म्हणाले. "पेशंट मधातच गाव सोडून गेला. तर तो मेला असं नाही म्हणता येत, अन् बरा झाला असंही नाही. शेवटचा दिसला तेव्हा जिवंत होता, एवढं खरं. तेवढं खरं वाया नाही जाऊ द्यायचं."

मला ही शिस्त फार म्हणजे फार आवडली. माझ्या ऑफिसात जे माहीत नसेल त्याला 'प्रकरण विचाराधीन आहे' म्हणायची पद्धत होती. म्हणजे माहीत काहीच नाही, पण वाक्य भारदस्त. इथे अज्ञानालाही माप होतं. कुठपर्यंत माहीत आहे आणि कुठून पुढे नाही, याची रेघ ओढायची आणि रेघेच्या पलीकडे बोलायचं नाही. इतका सभ्य हिशेब मी त्याआधी पाहिला नव्हता. आणि माझी बायको तो शिकत होती, डोक्यावरचं हेल्मेट मांडीवर ठेवून, एखाद्या नव्या मुलीसारखी.

सगळे उंदीर धरून औषध चालतं की नाही, हे पाहायला काकांनी एक युक्ती सांगितली. "कॉम्प्युटर हे काम पापणी लवायच्या आत करते. पण तू एकदा हातानं कर. आपल्या हातानं हरलं की माणूस वाद नाही घालत."

युक्ती अशी. समजा औषधानं काहीच होत नाही. मग 'अर्कवाला' हे नुसतं नाव झालं, ते कुठल्याही उंदराच्या कपाळावर चिकटवलं तरी फरक पडायला नको. तर ती नावं पिसून पुन्हा पुन्हा वाटायची आणि बघायचं, की प्रयोगात दिसला तेवढा फरक नुसत्या पिसण्यानंही दिसतो का. क्वचितच दिसला, तर औषधात काही आहे. सारखा दिसला, तर आपण ज्याला शोध म्हणत होतो तो पत्त्यांचा खेळ.

ऑफिसनं मला व्हिजिटिंग कार्डं छापून दिली होती. ती कुणाला द्यावीत अशी वेळ कधी आली नव्हती आणि पेटी जशीच्या तशी होती. एका रविवारी दुपारी ती दिवाणावर उघडली गेली. प्रत्येक कार्डाच्या कोऱ्या बाजूवर एक उंदीर, म्हणजे शेवटच्या दिवशी तो कितवा पोचला तो क्रमांक. जे मिनिटभरात पोचलेच नाहीत, ते सगळे मिळून शेवटच्या जागेवर. आधी खरी वाटणी लावली, अर्कवाले या ढिगात, पाण्यावाले त्या ढिगात. अर्कवाल्यांच्या क्रमांकांची बेरीज तिनं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिली. बेरीज जितकी लहान, तितके ते लवकर पोचलेले. मग कार्डं एकत्र केली. मी पिसायचं, मुलीनं दोन ढीग वाटायचे, बायकोनं बेरीज करायची.

"वाटताना आकडे बघू नकोस," बायकोनं मुलीला सांगितलं.

"नहीं देख रही, मम्मी. पापा का नाम दिख रहा है बस."

"त्यानं काही फरक पडत नाही."

पहिल्या काही वाटण्यांत बेरीज खऱ्या बेरजेपेक्षा मोठी आली. म्हणजे नुसत्या नशिबाला अर्कवाल्यांइतकं जमत नव्हतं. मी खुशीत येऊन चहा टाकायला उठलो. चहाला उकळी येईपर्यंत चित्र बदललं. एक वाटणी खऱ्यापेक्षा लहान आली, मग आणखी एक, मग लागोपाठ दोन. मी परत येऊन पत्ते हातात घेतले आणि जरा जास्तच वेळ पिसले.

"तुम्ही पिसताना मनात काही आणू नका," बायको म्हणाली.

"मनात काय आणणार? मी नुसता पिसतोय."

"पापा, चीटिंग मत करो यार. दुआ माँग रहे हो, दिख रहा है."

मागत होतो. काय मागत होतो तेही सांगतो. त्या कार्डांमधून बायकोची डॉक्टरेट निघावी, एवढंच. पण कार्डांना कुणाची भीड नव्हती. दुपार उतरली तेव्हा कागद भरला होता, आणि खऱ्याइतकी किंवा खऱ्याहून लहान बेरीज इतक्या वेळा आली होती, की मलाही मोजावं लागलं नाही. औषधानं आठवण सुधारते, असं म्हणायला काही उरलं नव्हतं. बायकोनं कार्डांना रबर लावलं आणि म्हणाली, "काका बरोबर म्हणाले. वाद घालावासा वाटत नाही."

तिनं आवाज चढवला नाही, डोळे पुसले नाहीत. मला वाटतं, त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं. मी तिच्या जागी असतो तर पुन्हा पिसत बसलो असतो.

पुढच्या रविवारी काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता न पोहणारे बघ. ते बहुतेक एकाच ढिगात येऊन पडले. पिसून असं किती वेळा होते?" तेही तिनं करून पाहिलं. जवळजवळ कधीच होत नव्हतं. अर्क आठवण वाढवत नसेल, पण म्हाताऱ्या उंदरांना तो पाण्यात निपचित पाडत असावा. मी म्हणालो, हा तर शोधच झाला, हाच लिहून टाक. काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी समोरचा चिवडा घेतला.

"हा प्रश्न आकडे पाहून सुचला," ते बायकोला म्हणाले. "बाण मारल्यावर त्याच्याभोवती गोल काढला तर नेम लागतेच. हे शंका म्हणून लिही. निष्कर्ष म्हणून नको."

आता प्रश्न डॉक्टरसाहेबांचा होता. त्यांच्याकडे जायच्या आदल्या संध्याकाळी मी माझा सल्ला दिला. माझे सल्ले नेहमी असतात तसा, म्हणजे पाय न हलवता. "जुन्या रीतीनं जमा कर. ती रीत तू थोडीच काढलीस. खाली एक तळटीप टाक, की एवढे उंदीर वगळले."

"तळटीप कोण वाचतं?"

"कुणीच नाही. म्हणून तर सांगतोय."

तिनं समोरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाली, "अहो, उद्या हा अर्क कुणाच्या तरी आजोबांना देतील. ते दिवसभर खुर्चीत बसून राहतील, आणि घरचे म्हणतील, बघा, किती शांत झालेत."

त्यानंतर मी सल्ला दिला नाही.

डॉक्टरसाहेबांच्या घरी आम्ही दोघं गेलो. त्यांनी चहा मागवला, खारे शेंगदाणे मागवले, मुलीच्या अभ्यासाची चौकशी केली. मग बायकोनं सगळं सांगितलं.

"तो आप कह रही हैं कि हमारा क़ायदा ग़लत है," शेवटी ते म्हणाले.

"सर, हमने देखे बिना निकाल दिए, वो ग़लत है. मतलब मैंने."

"हमारे यहाँ बरसों से यही होता आया है. सब छपा हुआ है."

"जी."

"भाई साहब, लीजिए न," ते मला म्हणाले. मी शेंगदाणे घेतले, आणि त्या शांततेत माझ्या दाताखालचा दाणा सगळ्या खोलीला ऐकू गेला.

"बिना निकाले क्या बचता है?"

"याददाश्त पर कुछ नहीं. शायद सुस्ती आती है. शायद."

"शायद पर थीसिस लिखेंगी?"

"जितना पता है, उतने पर लिखूँगी, सर."

त्यांनी कप बशीत ठेवला. "लिखिए. दस्तख़त हम कर देंगे. मगर जवाब आपको देने होंगे, हम बीच में नहीं बोलेंगे." त्यांनी आम्हांला फाटकापर्यंत सोडलं, मला वाकून वाकून नमस्कार केले. ते किती दुखावले होते, ते घरी पोचल्यावर आमच्या लक्षात आलं.

तिनं लिहिलं. सगळे उंदीर ठेवून, कुणाला न वगळता. वसंताच्या आधी प्रबंध जमा झाला, आणि काही महिन्यांनी तोंडी परीक्षेचा दिवस आला. डॉक्टरसाहेब तोवर निवृत्त झाले होते, पण मार्गदर्शक म्हणून त्यांना बोलावलं होतं. ही परीक्षा सगळ्यांसमोर होते. परीक्षक पुढे, संस्थेतले लोक मधे, आणि घरचे मागच्या रांगेत. परीक्षेनंतरच्या नाश्त्याची जबाबदारी उमेदवाराच्या घरची असते, त्यामुळे सामोसे माझ्याकडे होते. काका माझ्या शेजारी, मुलगी त्यांच्या पलीकडे.

बाहेरगावहून आलेल्या परीक्षक बाई बारीक आवाजाच्या होत्या आणि त्यांनी प्रबंध खरोखर वाचला होता. सुरुवातीचे प्रश्न बायकोनं सहज परतवले. मग बाईंनी एक जुना लेख वर धरला.

"या प्रयोगशाळेच्या आधीच्या कामात न पोहणारे प्राणी वगळलेले आहेत," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुम्ही ठेवलेत. का?"

"मीही आधी वगळले होते," बायको म्हणाली. "कोणता प्राणी कोणत्या गटातला हे तेव्हा पाहिलं नव्हतं. पाहिल्यावर ठेवावे लागले."

"वगळले असते तर तुमचं औषध यशस्वी ठरलं असतं."

"हो."

"आणि सुस्तीबद्दल जे लिहिलंय, ते आधी ठरवलं होतं?"

"नाही. ते आकडे पाहून सुचलं. म्हणून शंका म्हणून लिहिलंय. तपासायचं तर नवे प्राणी घेऊन, काय मोजायचं ते आधी ठरवून, पुन्हा करावं लागेल."

शेजारी काकांनी पाय हलवायचे थांबवले. बाईंनी लेख खाली ठेवला.

"वगळायचा हा नियम मुळात कुणाचा?"

डॉक्टरसाहेब पहिल्या रांगेत होते, मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"वगळले मी होते," ती म्हणाली.

बाई थांबल्या. हे त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे त्यांनाही कळलं होतं आणि तिलाही. त्या पुढचा प्रश्न शोधायला पानं उलटू लागल्या, तेव्हा डॉक्टरसाहेब उठले. बोलणार नाही असं म्हणाले होते, ते उठले, आणि भर सभेत, इंग्रजी सोडून, आपल्या भाषेत म्हणाले, "क़ायदा हमारा था, मैडम. इन्होंने पहले माना. फिर नहीं माना. अच्छा किया."

आणि बसले.

बाईंनी पानं मिटली. "मला आणखी काही विचारायचं नाही," त्या म्हणाल्या. परीक्षक मंडळी आतल्या खोलीत गेली आणि लगेच परत आली. पदवी द्यावी अशी शिफारस आहे, असं सांगितलं गेलं, तेव्हा मुलीनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ती मराठीत रडत होती की हिंदीत, मला सांगता येणार नाही. काकांनी माझा खांदा दाबला आणि म्हणाले, "सामोसे गार होऊन राहिले."

मी प्लेटा भरायला बाहेर आलो, तेव्हा व्हरांड्याच्या टोकाला बायको आणि डॉक्टरसाहेब उभे होते. ते खिडकीच्या कट्ट्याला हात टेकून बोलत होते, हळू, पण मला ऐकू येत होतं.

"पुराने काम के आँकड़े सब रखे हैं. उनमें भी निकाले हुए होंगे. आप देख दीजिएगा."

"सर, अगर उनमें से भी कुछ न बचा तो?"

"तो न बचे," ते म्हणाले. "हमारे रहते पता तो चल जाए."

ती "जी" म्हणाली. तेवढंच. मग तिनं माझ्या हातातली पहिली प्लेट घेतली आणि त्यांच्यापुढे धरली, दोन्ही हातांनी.